वाहते पाणी आपोआप शुद्ध असते का?

सह्याद्रीत नदीकाठी तंबू ठोकायचा बेत ठरला की ‘जंगलातले वाहते, नितळ पाणी शुद्धच असते’ असा जुना संदेश फिरू लागतो. खळाळामुळे पाण्यात प्राणवायू मिसळतो, हे खरे; परंतु वरच्या अंगाला गुरे पाण्यात उतरत असतील किंवा वस्तीचे सांडपाणी मिसळत असेल, तर न दिसणारे जंतूही त्याच प्रवाहाबरोबर खाली येतात. तुरटीने गढूळपणा बसतो, पण पाणी निर्जंतुक होत नाही. पडताळण्यासाठी हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटलीत नमुना भरून ठेवावा. तो काळा पडल्यास विष्ठेतील जंतूंची शक्यता मानावी. या चाचणीला एक-दोन दिवस लागत असल्याने मुक्कामी पाणी गाळून उकळणेच श्रेयस्कर, आणि खळखळती उकळी आल्यावर एक मिनिट १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवरही पुरेसे ठरते.