दाखला निघाला म्हणजे विमा मिळाला?

फोंड्याच्या बाजारात हमखास ऐकू येतं: “४० टक्क्यांचा दिव्यांगत्वाचा दाखला काढ, विम्याचे पैसे कुठं जात नाहीत.” जातात! ४० टक्क्यांची अट २०१६च्या दिव्यांग कायद्यातली, सरकारी सवलतींसाठीची. अपघात विमा विचारतो ते वेगळंच: इजा अपघातानंच झाली का?

वर्षाला २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघातात एक हात कायमचा निकामी झाला तर १ लाख, दोन्ही गेले तर २ लाख. पक्षाघातानं लुळा पडला तर दाखला कितीही टक्क्यांचा असो, काही नाही.

म्हणून माडावरून पडलेल्या पाडेल्याचा (नारळ काढणाऱ्याचा) त्याच दिवशीचा केसपेपर जपा. (आमच्याकडे तो पहिल्या पावसात भिजतो, ती गोष्ट वेगळी.) त्यावर ‘माडावरून पडून’ लिहिलंय ना, बघा. नुसतं ‘हात दुखतो’ असेल तर क्लेम अडू शकतो. एक्स-रे, डिस्चार्ज समरी त्यालाच जोडून ठेवा.