फाइलिंग फी वेगळी, तिमाही फी वेगळी

अमेरिकेत दिवाळखोरीच्या फीबद्दल नवा कायदा आला की लोक दोन निरनिराळ्या फींची सरमिसळ करतात. 2017 साली हेच झालं, जानेवारी 2021 मध्ये सही झालेल्या कायद्याच्या वेळीही हेच. दवाखान्याच्या बिलांनी बेजार झालेला माणूस चॅप्टर 7 चा, म्हणजे मालमत्ता विकून कर्जातून सुटका देणाऱ्या दिवाळखोरीचा, अर्ज करायला निघतो आणि कुठेतरी अडीच लाख डॉलरचा आकडा वाचून हातपाय गाळतो. त्या आकड्याशी त्याचा सुतराम संबंध नसतो. हे लिहिणाऱ्यांनी जबाबदारीने लिहायला हवं.

फाइलिंग फी बहुतेकांना माहीत असते. अर्ज दाखल करताना कोर्टात एकदाच भरायची. 2021 च्या त्या कायद्याच्या वेळी ती चॅप्टर 7 ला 338 डॉलर होती, चॅप्टर 11 ला 1,738, आणि कायद्याने तिला हातही लावला नाही. चॅप्टर 7 मध्ये ती हप्त्यांनी भरता येते. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपेक्षा कमी असेल तर माफीही मागता येते.

खरी गफलत तिमाही फीची. ती चॅप्टर 11 मध्ये, म्हणजे मुख्यतः धंदा चालू ठेवून कर्जाची फेररचना करणाऱ्यांना लागते. ती जाते दिवाळखोरीच्या केसेसवर देखरेख करणाऱ्या, न्याय खात्याच्या यू. एस. ट्रस्टी यंत्रणेकडे. आणि ती कर्जावर नाही, नफ्यावर तर नाहीच. त्या तिमाहीत धंद्यातून बाहेर गेलेल्या एकूण पैशांवर ती बसते. पगार, दुकानाचं भाडं, मालाची बिलं, कर, बँकेचा हप्ता, सगळं त्यात धरलं जातं. तोट्यातला किराणावाला भरपूर माल फिरवत असेल तर त्यालाही ती जड जाते.

2021 ते 2025 या पाच वर्षांसाठी 2021 च्या कायद्याने ठरवलेला तक्ता असा होता. 62,625 डॉलरच्या खाली 250 डॉलर, काहीही खर्च झाला नसला तरी. त्यापुढे दहा लाखांच्या आत 0.4 टक्के. दहा लाख गाठले की सगळ्याच रकमेवर 0.8 टक्के, कमाल अडीच लाख. म्हणजे 9,99,000 डॉलर खर्चाला 3,996 डॉलर फी, आणि हजारभर डॉलर जास्त गेले की थेट 8,000. तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात कोणतं बिल कधी चुकवायचं, हे म्हणूनच आधी हिशेबनिसाला विचारावं. शिवाय फेररचनेची योजना कोर्टाने मंजूर केली म्हणून ही फी थांबत नाही. केस बंद होईपर्यंत, फेटाळली जाईपर्यंत किंवा दुसऱ्या चॅप्टरमध्ये जाईपर्यंत चालूच राहते.

चॅप्टर 7 ची केस सांभाळणाऱ्या ट्रस्टीला केसमागे मिळणारे 60 डॉलर दुप्पट करण्याची सोयही 2021 च्याच कायद्याने केली. तो वाढीव पैसा या तिमाही फीच्या निधीतून द्यायचा होता, चॅप्टर 7 च्या अर्जदाराकडून नाही.

अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलिनात यू. एस. ट्रस्टी नाही, तिथलं प्रशासन न्यायपालिकेच्याच हाती आहे. 2017 च्या कायद्याने केलेली तिमाही फीची वाढ इतरत्र 2018 च्या सुरुवातीपासून चालू केसेसनाही लागली. या दोन राज्यांत ऑक्टोबरपासून, तीही फक्त नव्या केसेसना. व्हर्जिनियात केस चालू असलेल्या सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानसाखळीने तीन तिमाहींत 6,32,542 डॉलर भरले. जुन्या दराने 56,400 झाले असते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. पण 2024 मध्ये, 6 विरुद्ध 3 मतांनी, जादा भरलेले पैसे परत द्यायला नकार दिला. हा निकाल मला अजिबात पटलेला नाही. सगळीकडे एकच दर 2021 च्या कायद्याने आणला, पण ज्यांनी आधी भरले त्यांचे गेले ते गेलेच.

छोट्या धंद्याचं कर्ज मर्यादेत बसत असेल तर चॅप्टर 11 चा सबचॅप्टर 5 आधी तपासा. तिथे फाइलिंग फी भरावी लागते, तिमाही फी अजिबात नाही.