हौशी रेडिओचा परवाना आणि ट्यूबचा ॲम्प्लिफायर : पात्रता, परीक्षा व कागदपत्रे

हौशी रेडिओवर, म्हणजे छंद म्हणून स्वतःच्या केंद्रावरून बिनतारी संभाषण करताना, प्रक्षेपणाची शक्ती वाढवणारा ट्यूबचा (निर्वात नळीचा) ॲम्प्लिफायर वापरतात. तो बांधायला लागणारी कारागिरी कोल्हापुरात मिळायला अडचण नाही. शिवाजी उद्यमनगरात चेसिसचा पत्रा हव्या त्या मापात वाकवून मिळतो आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारेही भेटतात. तथापि ट्यूब विकत घेण्यापूर्वी आपला परवाना किती वॅटचा आहे हे ठरलेले असावे, कारण पुढची सारी आकडेमोड त्यावरच बेतलेली असते.

हा परवाना केंद्रीय दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा देते. १९७८ च्या हौशी सेवा नियमांनुसार अर्जदाराचे वय किमान १२ वर्षे असावे लागते. पदवी किंवा पदविकेची अट नाही. परीक्षा दोन श्रेणींची असते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीत मोर्स (ठिपके आणि रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही, पण ३० मेगाहर्ट्झखालील बँडवर (लहरींच्या पट्ट्यांवर) केवळ ५० वॅटची मुभा मिळते. जनरल श्रेणीसाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता आणि पाठवता यावा लागतो, आणि तेथे मर्यादा ४०० वॅटची आहे. ॲम्प्लिफायर बांधायचाच असेल तर जनरल श्रेणीची तयारी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे ४०० वॅट अँटेनात जाणारे नव्हेत. शेवटच्या टप्प्यातील ट्यूबला पुरवली जाणारी डीसी शक्ती या मर्यादेत मोजली जाते. ॲनोडला (ट्यूबच्या धन टोकाला) २,५०० व्होल्ट दिले तर करंट १६० मिलिॲम्पिअरपर्यंतच नेता येतो, आणि साधारण ६० टक्के कार्यक्षमता धरली तर बाहेर सुमारे २४० वॅट पडतात. अमेरिकेत १,५०० वॅटपर्यंत परवानगी असल्याने तिकडच्या आराखड्यांत ३-५००झेड ट्यूबची जोडी सर्रास दिसते. आपल्याला त्यातली एकच ट्यूब पुरून उरते. ॲनोडचा व्होल्टमीटर आणि मिलिॲममीटर दर्शनी पट्टीवरच बसवावेत, म्हणजे मर्यादा पाळली जाते की नाही हे प्रक्षेपण चालू असतानाच दिसते. फिल्टर कपॅसिटरवर त्यातला साठा रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर हवाच, शिवाय झाकण उघडताच उच्चदाब तोडणारा स्विचही हवा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमधला साठा जीव घेऊ शकतो.

अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. छायाचित्र, स्वाक्षरी, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून तयार ठेवावा. नावाचे स्पेलिंग सर्व कागदांवर एकच असावे. वडिलांचे नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षरात, एवढ्यानेही अर्ज रेंगाळू शकतो. लेखी परीक्षेत रेडिओ सिद्धांत आणि नियम असे दोन भाग असतात. कोल्हापूरच्या अर्जदाराला मुंबईचे केंद्र सोयीचे पडते.

उत्तीर्ण झाल्यावर परवान्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो. केवळ परीक्षेच्या प्रमाणपत्रावर प्रक्षेपण करता येत नाही. परवाना २० वर्षांसाठी किंवा आजीवन घेता येतो. जनरल श्रेणीला बहुधा व्हीयू२ ने, तर रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ ने सुरू होणारे कॉलसाइन (केंद्राचे ओळखचिन्ह) मिळते. केंद्राचा पत्ता परवान्यावर नोंदवलेला असतो, त्यामुळे राजारामपुरीतून कसबा बावड्याला बिऱ्हाड हलवले तरी तेथून प्रक्षेपण करण्याआधी पत्ताबदलाची नोंद करून घ्यावी.