काम द्यायचं की कामालायक करायचं?

फेब्रुवारी 1848 मध्ये पॅरिसमधून राजा पळाला आणि प्रजासत्ताक आलं. रस्त्यावर लढलेल्या कामगारांनी नव्या सरकारकडे कामाचा हक्क मागितला. समाजवादी नेता लुई ब्लाँ सरकारात होता, त्यामुळे सरळ नकार देणं शक्य नव्हतं. मग 'राष्ट्रीय कार्यशाळा' निघाल्या. कल्पना ब्लाँची, कारभार मात्र त्याला पाण्यात पाहणाऱ्या मंत्र्याकडे. कामांचा नीट आराखडा नव्हता. माती उपसा, रस्ते सपाट करा, आणि काम नसेल त्या दिवशी कमी पैसे घेऊन घरी बसा, असा प्रकार. जूनपर्यंत नोंदणी लाखाच्या वर गेली. तिकडे रिकामी तिजोरी भरण्यासाठी सरकारनं करावर फ्रँकमागे 45 सांतीमचा, म्हणजे 45 टक्के, अधिभार लावला होता आणि त्याचा भार जमीनधारक शेतकऱ्यांवर पडला. आपला पैसा पॅरिसच्या रिकामटेकड्यांना पोसायला चालला, अशी गावाकडची समजूत झाली. एप्रिलच्या निवडणुकीत सर्व प्रौढ पुरुषांना मताचा अधिकार होता. गावांनी तो वापरला आणि पुराणमतवादी सभागृह निवडून दिलं. जूनमध्ये हुकूम निघाला की कार्यशाळांतल्या तरुणांनी सैन्यात जावं, बाकीच्यांनी प्रांतांत. 23 ते 26 जून पॅरिसमध्ये बंड झालं आणि त्यात हजारो माणसं मेली.

रोजगार आणि कौशल्यांच्या सरकारी योजनांचा पुढचा इतिहास वाचताना या चार महिन्यांकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं. पैसा कोणाचा, लाभ कोणाला, कारभार कोणाकडे आणि श्रेय कोणाच्या खात्यावर, हे चारही प्रश्न तिथे एकदम उभे राहिले. आपल्याकडे अशा योजनांची चर्चा 'अंमलबजावणी नीट नाही' इथे सुरू होऊन तिथेच संपते. पण अंमलबजावणी कशी होणार, हे बरेचदा कायदा मंजूर होताना झालेल्या सौद्यातच ठरलेलं असतं.

सौद्याचं सर्वांत कठोर कलम इंग्लंडनं त्याआधीच लिहून ठेवलं होतं. 1834 च्या गरीब कायद्याचं तत्त्व असं की सरकारी मदतीवर जगणाऱ्याची अवस्था बाहेरच्या सर्वांत कमी मजुरीच्या स्वतंत्र मजुराहून वाईटच असली पाहिजे. वर्कहाऊस, म्हणजे मदत मागणाऱ्या गरिबांना ठेवून राबवण्याची घरं, आणि तिथलं कष्टाचं काम त्यातून आलं. 1832 च्या सुधारणेनं मध्यमवर्गाला मत मिळालं होतं, आणि गरिबांसाठी कर भरणारा हाच वर्ग होता. नाव बदललं, भाषा सौम्य झाली, तरी मदतीची रक्कम ठरवताना 'बाजारातल्या मजुरीला धक्का लागता कामा नये' ही काळजी आजही पहिल्या ओळीत असते.

बेल्जियममधल्या गेंट शहरानं 1901 मध्ये वेगळी वाट धरली. कामगार संघटनांचे स्वतःचे बेकारी निधी होते, त्यांना नगरपालिकेनं अनुदान द्यायला सुरुवात केली. पुढे डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड याच वाटेनं गेले. बेकारी भत्ता हवा तर संघटनेच्या निधीत नाव हवं, असं झाल्यावर तिथल्या संघटना फोफावल्या. म्हणजे राजकारणानं योजना घडवली आणि मग योजनेनं राजकारण घडवलं. ब्रिटननं 1911 मध्ये काही ठरावीक उद्योगांसाठी राष्ट्रीय बेकारी विमा आणला, त्यात संघटनांना हे स्थान नव्हतं. बेकारी भत्ता कोणाच्या खिडकीतून मिळतो हा तपशील किरकोळ वाटतो, पण स्कँडिनेव्हियातल्या संघटनांची ताकद समजून घ्यायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

अमेरिकेची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. महामंदीत रूझवेल्ट सरकारनं 1935 मध्ये बेकारांना सरकारी काम देणारी डब्ल्यूपीए ही अवाढव्य यंत्रणा उभी केली. ती 1943 पर्यंत चालली आणि सुमारे 85 लाख लोकांनी तिच्या कामांवर मजुरी केली. रस्ते, शाळा, विमानतळ बांधले गेले, शिवाय नट, चित्रकार आणि लेखकांनाही काम मिळालं. मजुरी मदतीच्या रकमेपेक्षा जास्त, खासगी मजुरीपेक्षा कमी, अशी बेतलेली होती. तरीही दक्षिणेतले कापूसमळेवाले कुरकुरत राहिले, आणि वेचणीच्या हंगामात तिथल्या मजुरांना सरकारी कामावरून कमी केलं जाई. का, ते सांगायला नको.

त्याच 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानं वृद्धत्व विमा आणि बेकारी विमा दिला, पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले. दक्षिणेतले बहुसंख्य काळे कामगार याच दोन कामांत होते. यामागे दक्षिणेच्या खासदारांचा हात किती आणि कर गोळा करण्यातल्या प्रशासकीय अडचणी किती, यावर इतिहासकारांचा वाद आहे. परिणामावर वाद नाही.

डब्ल्यूपीएला खरा फटका निवडणुकीनं दिला. 1938 च्या निवडणुकीत काही राज्यांत या कामांवरच्या लोकांना सत्ताधारी पक्षासाठी राबवल्याचे आरोप झाले. त्यातून 1939 चा हॅच कायदा आला आणि संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना पक्षीय प्रचार करायला बंदी झाली. सरकारनं थेट काम देणं म्हणजे मतं विकत घेणं, हा संशय तेव्हापासून अमेरिकेत घट्ट बसला. युद्ध संपताना पूर्ण रोजगाराचं विधेयक आलं, त्यात कामाचा हक्क लिहिलेला होता. 1946 मध्ये कायदा झाला तेव्हा तो हक्क गळून पडला होता आणि 'कमाल रोजगारा'ला चालना देण्याची मोघम जबाबदारी तेवढी उरली.

इथून प्रशिक्षणाचं युग सुरू होतं. 1962 मध्ये केनेडी सरकारनं मनुष्यबळ विकास आणि प्रशिक्षण कायदा आणला. स्वयंचलित यंत्रांमुळे कुशल कामगार बेकार होतील ही तेव्हाची भीती होती. माझ्या मते प्रशिक्षणाचं राजकीय आकर्षण एवढंच आहे की त्याला शत्रू नसतात. सरकारनं काम दिलं की गावातल्या किंवा शहरातल्या मजुरीचा भाव चढतो आणि मालक चिडतो. प्रशिक्षण दिलं की मालकाला फुकट शिकलेला माणूस मिळतो, संस्थांना अनुदान मिळतं आणि पुढाऱ्याला प्रमाणपत्र वाटपाचा समारंभ मिळतो. काम मिळालं नाही तर दोष शिकणाऱ्याचा. बेकारी ही बाजाराची अडचण न राहता माणसातली उणीव ठरते, आणि हा बदल कोणत्याही विधेयकात न लिहिता होऊन जातो.

तरी सत्तरच्या दशकात थेट काम देण्याची कल्पना पुन्हा वर आली, आणि गंमत म्हणजे दोन अगदी वेगळ्या ठिकाणी. अमेरिकेत निक्सन यांनी डिसेंबर 1973 मध्ये 'सेटा' या रोजगार आणि प्रशिक्षणाच्या कायद्यावर सही केली. पैसा वॉशिंग्टनचा, निर्णय महापौरांचा. 1978 पर्यंत सात लाखांहून जास्त लोक या पैशातून सार्वजनिक नोकऱ्यांत होते. मग वर्तमानपत्रांत कहाण्या येऊ लागल्या: कुठे नातेवाइकांची भरती, कुठे शहरानं स्वतःचे जुने कर्मचारी कमी करून तीच कामं या पैशावर करून घेतलेली. 1978 च्या दुरुस्तीनं नियम आवळले आणि नोकऱ्या फक्त फार गरीब, दीर्घकाळ बेकार असलेल्यांसाठी राखल्या. न्यायाच्या दृष्टीनं हे योग्यच होतं. पण त्याबरोबर महापौरांचा रस आटला आणि ज्यांचा आवाज पोहोचतो असे लाभार्थीही बाहेर गेले. 1981 मध्ये रेगन सरकारनं या नोकऱ्या बंद केल्या तेव्हा रस्त्यावर येणारं फारसं कोणी नव्हतं.

महाराष्ट्रातली रोजगार हमी मात्र टिकली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगावात तिचा प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळानं ती राज्यभर नेली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, तेही कायद्यानं. त्या काळी जगात असं उदाहरण दुर्मीळ होतं.

ती टिकली त्याचं श्रेय पागेंच्या तळमळीला आहेच, पण सौदाही पक्का होता. 1975 मध्ये व्यवसाय कर आला, तो मुख्यतः शहरातल्या पगारदारांच्या खिशातून जाऊ लागला, आणि जेवढी रक्कम या करांतून जमेल तेवढीच राज्य सरकारनं घालायची असं ठरलं. पैसा शहराचा, मजुरी ग्रामीण गरिबाला, आणि पाझर तलाव, नाला बांध, रस्ते यांचा मोठा फायदा जमीनवाल्याला. आमदारांना मतदारसंघात कामं दाखवता आली. मजुरी कमी असल्यानं बागायतदाराचं फारसं बिघडत नव्हतं. 1848 च्या फ्रान्समध्ये शेतकरी ज्या बाजूला उभा होता, इथे तो नेमका दुसऱ्या बाजूला होता. सेटाच्या वाट्याला असा पाठीराखा कधी आलाच नाही.

हा समतोल किती नाजूक होता ते 1988 मध्ये कळलं. हमीवरची मजुरी किमान वेतनाच्या पातळीवर नेली गेली आणि ती जवळपास दुप्पट झाली. त्यानंतर कामावरची हजेरी वाढायच्या ऐवजी घसरली. खर्चाला आवर घालण्यासाठी नवी कामं उघडणंच आखडतं झालं, असा निष्कर्ष अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासातून निघाला. कायदा होता तसाच होता. 1990 नंतर याच निधीतून खासगी जमिनींवर फळबागा लावायला अनुदान मिळू लागलं आणि जमीनवाल्याचा वाटा उघडपणे मान्य झाला.

2005 मध्ये देशपातळीवर ग्रामीण रोजगार हमीचा कायदा आला तेव्हा केंद्रातलं सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभं होतं आणि सरकारी कामांचा हिशेब लोकांसमोर मागणारी राजस्थानातली जनसुनावणीची चळवळ मागे होती. कायद्यातली एक तरतूद फार हुशार होती. अकुशल मजुरीचा खर्च केंद्राचा, पण 15 दिवसांत काम दिलं नाही तर द्यायचा बेकारी भत्ता राज्याच्या तिजोरीतून. म्हणजे काम न देणं राज्याला महाग पडावं. व्यवहारात अर्जाची पोचच मिळत नसे, मग पंधरा दिवस मोजायचे कुठून? 2015 मध्ये पंतप्रधान मोदी यांनी लोकसभेत या योजनेला काँग्रेसच्या अपयशाचं स्मारक म्हटलं आणि ते आपण मोडणार नाही असंही सांगितलं. 2020 च्या टाळेबंदीत माणसं गावाकडे परतली तेव्हा त्याच सरकारनं तिच्यासाठी 40,000 कोटी रुपये वाढवून दिले.

अमेरिकेत सेटाची जागा 1982 च्या नव्या प्रशिक्षण कायद्यानं घेतली. सार्वजनिक नोकऱ्या नाहीत आणि स्थानिक मंडळांत उद्योजकांचं बहुमत. निकालावर पैसे मिळू लागल्यावर प्रशिक्षण केंद्रं ज्यांना नोकरी मिळणं सोपं अशांनाच प्रवेश देऊ लागली. गरीब कुटुंबांच्या सरकारी मदतीचे नियम बदलणाऱ्या 1996 च्या कल्याण सुधारणेनं पुढचं पाऊल टाकलं: आधी काम धरा, मिळेल ते. व्यवसाय शिक्षण 'काम' म्हणून धरलं जाईल, पण साधारणपणे 12 महिन्यांपुरतंच. राज्यांना मिळणारी 16.5 अब्ज डॉलरची वार्षिक रक्कम महागाईशी जोडलेली नव्हती, त्यामुळे कोणी कात्री न लावताही ती दरवर्षी झिजत गेली.

स्वीडनमध्ये प्रशिक्षण दुबळं नव्हतं, कारण ते एका करारात बसवलेलं होतं. गोस्टा रेन आणि रुडॉल्फ माइडनर या कामगार संघाच्या अर्थतज्ज्ञांनी 1951 मध्ये मांडणी केली ती अशी: सगळीकडे समान कामाला समान मजुरी. ती न परवडणारे कारखाने बंद पडले तर पडू द्या. त्यातल्या माणसांना सरकार शिकवेल आणि चांगल्या कारखान्यात पोहोचवेल. संघटनांनी कारखाने बंद होणं मान्य केलं, कारण समोर प्रशिक्षण होतं आणि सोशल डेमोक्रॅट पक्ष 1932 ते 1976 जवळपास अखंड सत्तेत होता. एवढं राजकीय स्थैर्य इतरांना कुठून मिळणार? जर्मनीत त्याच नावाच्या पक्षानं, चॅन्सेलर श्रोडर यांच्या काळात, फोक्सवॅगनचे अधिकारी पेटर हार्ट्झ यांच्या समितीच्या शिफारशींवरून बेकारांची मदत आवळली. 1 जानेवारी 2005 ला शेवटचा टप्पा लागू झाला आणि त्याच वर्षी पक्षाच्या हातून चॅन्सेलरपद गेलं. नाराज कार्यकर्त्यांनी काढलेला गट 2007 मध्ये डाव्या पक्षात विलीन झाला.

सौद्याचं सर्वांत उघड रूप मात्र अमेरिकेच्या व्यापार साहाय्य योजनेत दिसतं. 1962 मध्ये केनेडींना आयात शुल्क कमी करायचं होतं आणि त्यासाठी कामगार संघटनांचा पाठिंबा हवा होता. आयातीमुळे नोकरी गेली तर भत्ता आणि प्रशिक्षण देऊ, हे वचन त्यातून आलं. अटी इतक्या कडक की 1969 पर्यंत एकही अर्ज मंजूर झाला नाही. 1974 मध्ये अटी सैल झाल्या, 1993 मध्ये नाफ्टाच्या, म्हणजे कॅनडा आणि मेक्सिकोशी झालेल्या व्यापार कराराच्या वेळी योजनेला जोड मिळाली. व्यापार करार आला की ती वाढायची. जून 2015 मध्ये तर डेमोक्रॅट खासदारांनीच, ओबामांचा व्यापार अजेंडा रोखण्यासाठी, त्याला जोडलेल्या, आपल्याच मतदारांच्या या योजनेविरुद्ध मत दिलं. काही दिवसांत ती पुन्हा मंजूर झाली, करारांना झटपट मंजुरी मिळवून देणाऱ्या अधिकारासकट. पुढे दोन्ही पक्षांना मोठ्या व्यापार करारांत रस उरला नाही, त्यामुळे त्यांच्या बदल्यात द्यायलाही काही उरलं नाही. 1 जुलै 2022 ला योजनेची मुदत संपली. त्या तारखेपासून नव्या कामगारांना पात्र ठरवण्याचा अधिकार कामगार खात्याकडे राहिला नाही. आधी मंजुरी मिळालेल्यांचं प्रशिक्षण तेवढं चालू ठेवलं गेलं.