रिपोर्ट काढताना: नेटवर्क सॉफ्टवेअर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं की पहिल्या आठवड्यात उत्साहाने दिसतील तेवढे रिपोर्ट सुरू केले जातात. मग रोज सकाळी ईमेलचा ढीग येतो आणि काही दिवसांत तो कुणी उघडतही नाही. आमची विनंती आहे की आधी प्रश्न ठरवा. ‘दुपारी लाइन का मंदावते?’ हा प्रश्न आहे. ‘कोणत्या स्विचचे (उपकरणं नेटवर्कला जोडणाऱ्या पेटीचे) पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या जागा, संपत आले?’ हाही आहे. प्रत्येक रिपोर्टला वाचणारा एक माणूस नेमा. असा माणूस सापडत नसेल, तर तो रिपोर्ट बंद केलेला बरा.

सरासरीवर विसंबू नका

सॉफ्टवेअर उपकरणांकडून एसएनएमपीद्वारे (नेटवर्क उपकरणांकडून माहिती मागवण्याची ठरलेली पद्धत) ठरावीक वेळाने आकडे मागवतं, बहुधा दर 5 मिनिटांनी. समजा, लाइन तासातली 10 मिनिटं पूर्ण भरली आणि उरलेली 50 मिनिटं 10 टक्क्यांवर राहिली. तासाची सरासरी येते 25 टक्के. कागदावर सगळं आलबेल, पण त्या 10 मिनिटांत ज्यांचे कॉल तुटले त्यांची तक्रारही खरीच असते. म्हणून सरासरीच्या शेजारी कमाल वापर आणि 95 वा पर्सेंटाइल हे रकाने जरूर घ्या. 30 दिवसांत 5 मिनिटांचे 8,640 नमुने जमतात. 95 वा पर्सेंटाइल त्यातले सर्वांत वरचे 432, म्हणजे 36 तासांचे, बाजूला ठेवतो आणि उरलेल्यांतला सर्वांत मोठा आकडा दाखवतो. क्षणिक उसळ्या गळतात, रोजची गर्दी मात्र दिसते.

इथेच एक गोष्ट हातातून निसटते. डिस्क वाचवण्यासाठी बरीच सॉफ्टवेअर जुने नमुने तासाच्या, पुढे दिवसाच्या सरासरीत मिसळून टाकतात. एकदा मिसळलं की कमाल वापराचं टोक परत मिळत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ नमुने किती दिवस राहतात ते सेटिंगमध्ये पाहा आणि मासिक रिपोर्ट त्या मुदतीच्या आतच आपोआप निघेल असं वेळापत्रक लावा.

आकडा अशक्य वाटला तर

1 जीबीपीएसच्या (सेकंदाला 1 गिगाबिट) पोर्टवर वापर फारच कमी दिसतोय? पोर्टवरून किती डेटा गेला ते मोजणारा 32 बिटांचा काउंटर पूर्ण वेगात सुमारे 34 सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो, आणि 5 मिनिटांनी विचारणाऱ्या सॉफ्टवेअरला मधल्या फेऱ्या कळत नाहीत. 64 बिटांचे काउंटर निवडा. घटनांचा क्रम उलटासुलटा दिसत असेल, तर सगळ्या उपकरणांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत) जुळली आहेत का ते आधी तपासा.

उपलब्धतेच्या रिपोर्टमध्ये 99.9 टक्के म्हणजे 30 दिवसांत सुमारे 43 मिनिटं बंद. ठरवून केलेल्या देखभालीची वेळ त्यात धरली की वगळली, हे रिपोर्टवरच लिहा.

जपणूक

दाखवायला पीडीएफ, हिशेबाला सीएसव्ही (एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडणारी आकड्यांची साधी फाइल). फाइलच्या नावात वर्ष आणि महिना असू द्या. रिपोर्टमध्ये आयपी पत्ते, उपकरणांची नावं, कधी फर्मवेअरची (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्तीही असते. घुसखोराला याहून सोयीचा नकाशा मिळणार नाही. त्यामुळे सर्वांना खुल्या असलेल्या फोल्डरमध्ये हे रिपोर्ट ठेवू नका, आणि नोकरी सोडून गेलेल्यांचे पत्ते ईमेलच्या यादीतून त्याच दिवशी काढा.

एखादा आकडा पटला नाही, तर आम्हाला सीएसव्ही, उपकरणाचं नाव आणि नेमका कालावधी पाठवा. नुसत्या स्क्रीनशॉटवरून चूक शोधणं आम्हालाही जमत नाही.