कान वाजतोय? मग तेल घालून येऊ नका

पावसाळा लागला की आमच्या कान तपासणीच्या सेंटरला रोज एक तरी फोन येतो: ‘कानात शिट्टी वाजते, ऐकायचं मशीन बसवलं की बंद होईल काय?’ त्याचं उत्तर खाली दिलंय. आधी एक विनंती, तपासणीला येताना कानात तेल नको.

गेल्या श्रावणात गुहागरकडच्या एक आजी पहाटेची एसटी धरून रत्नागिरीत आल्या. कानातला बोळा काढला तर खोबरेल ओघळलं आणि मागोमाग करपलेली लसणाची पाकळी. पडदा दिसेचना. तेलाने फुगलेला मळ आवाज अडवतो, मग रिपोर्टात बहिरेपणा आहे त्याहून जास्त दिसतो. डॉक्टरांकडून कान साफ करून आजींना आठवड्याने परत यावं लागलं. पडद्याला भोक असेल तर तेल थेट आत उतरतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ओल्या कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही. मळ मऊ करायला डॉक्टर थेंब देतात, ती गोष्ट वेगळी. काडी, पिन, बाईकची किल्ली यांबद्दल तर बोलायलाच नको.

आता शिट्टीकडे. कोणाला रातकिडे ऐकू येतात, कोणाला कुकर. याला टिनिटस म्हणतात. हे लक्षण आहे, रोग नव्हे. कधी नुसता मळ निघतो आणि आवाज थांबतो. पण बहुतेकांच्या आतल्या कानातल्या नाजूक पेशी वयाने किंवा गोंगाटाने झिजलेल्या असतात, आणि त्या परत येत नाहीत. बाहेरचा आवाज कमी पोचला की मेंदू जणू स्वतःच व्हॉल्यूम वाढवतो आणि ती खरखर ऐकू येते. लाँचच्या इंजिनाशेजारी वर्षं काढलेले खलाशी, चिरेखाणीत मशीन चालवणारे, हे आमचे नेहमीचे पाहुणे. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास म्हणजे कानाला धोकाच. काही औषधांनीही कान वाजतो, जास्त डोसातली अॅस्पिरिन त्यातलीच. म्हणून गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणा, पण मनाने बंद करू नका.

एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर आमची अपॉइंटमेंट घेत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा. नाडीच्या ठोक्यावर आवाज येत असेल किंवा एकाच कानात येत असेल, तरी आधी डॉक्टरच.

‘नुसत्या तपासणीचे पैसे कसले?’ असं विचारतात. बंद खोलीत दोन्ही कानांची नीट तपासणी करायला पाऊण तास जातो, आणि मशीन नको असेल तर आम्ही तसं स्पष्ट सांगतो. ऐकू कमी येत असेल तर मशीनने बाहेरचे आवाज परत येतात आणि पुष्कळांची शिट्टी मागे पडते. कायमची जाईल, असं आम्ही सांगत नाही. घ्यायच्या आधी लावून बघा, त्याचे पैसे नाहीत.

लाँचवरून किंवा खाणीतून थेट येऊ नका. एक रात्र कानाला आराम देऊन सकाळी या.