कापराच्या पुरचुंडीनं ऑक्सिजन वाढत नाही ओ

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत व्हॉट्सॲपवर फिरलेला तो मेसेज, कापूर-लवंग-ओवा रुमालात बांधून हुंगा म्हणजे ऑक्सिजन वाढतो, अजून काही मेला नाही, साथीचं नाव निघालं की कोल्हापुरात कुणीतरी पोराच्या दप्तरात पुरचुंडी घालतंयच. वासानं नाक गार पडतं, मोकळं झाल्यागत वाटतं, बास. कोविडमध्ये ऑक्सिजन कमी होतो ते फुफ्फुसाला सूज आल्यामुळं, तिथं वास काय करणार? उलट कापूर लहान पोरांना विषारी आहे, खडीसाखर समजून तोंडात टाकला तर थोड्याच वेळात झटके येऊ शकतात, अमेरिकेत तर अंगाला लावायच्या औषधातसुद्धा कापूर ११ टक्क्यांच्या वर चालत नाही. त्यो अंबाबाईच्या आरतीलाच ठेवा, आणि तोही पोरांच्या हाताला लागणार नाही असा.

वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवायला सांगा, कारण विषाणू हवेतनं पसरतो. मास्क नाकावर, पाच वर्षांच्या आतल्यांना सक्ती नको. ताप असेल तर शाळा बुडू दे की!

आणि कापूर गिळलाच तर घरी उलटी करवत बसू नका, सरळ सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा.